लेक वाढतेय म्हणजे काय काय वाढतंय

रविवार, रात्री उशिरा, भांडुप

गेले कितीतरी दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, मूल नक्की कशाने वाढतं. लेक अडीच वर्षांची झाली आणि घरी जो येतो तो आधी तिच्या दंडाकडे बघतो, "बारीक झाली गं ही", मग पुढचं ठरलेलंच, बदाम भिजवून देतेस का, नाचणीसत्त्व चालू आहे का, दुधात कुठली पावडर घालतेस. सगळे मायेनेच विचारतात. पण ती किती बोलते, कोणाशी खेळते, दिवसभर तिच्याशी कोण बोलत असतं, हे मला आजपर्यंत एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

खाणं महत्त्वाचं आहेच. जन्मताना साधारण तीन किलोचं असलेलं बाळ पाचेक महिन्यांत दुप्पट होतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत तिप्पट, इतक्या वेगाने माणूस पुन्हा आयुष्यात कधीच वाढत नाही. आणि मग वेग आपोआप उतरतो, दुसऱ्या वर्षानंतर वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतात, त्यामुळे भूकही आधीपेक्षा कमी वाटते आणि घराघरात "खातच नाही, खातच नाही" सुरू होतं. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना कार्डावरचा आलेख दाखवला, रेघ तिच्या तिच्या पट्ट्यातून वर चाललीय ना, मग घास कोंबू नका म्हणाले. सासूबाईंनी ते खरंच मनावर घेतलं, तेव्हापासून जेवण शांतपणे होतं घरात, आणि मला वाटतं त्या शांततेनेच ती दोन घास जास्त खाते.

दुसरं नेहमीचं वाक्य म्हणजे "आमच्याकडे सगळे बुटकेच". उंची आईबापावर जाते हे खरंय, पण सगळंच तिथे ठरत नाही. पहिल्या पाच वर्षांत देशोदेशीच्या मुलांत जो फरक दिसतो, तो आईबापापेक्षा खाण्यापिण्याने आणि आजारपणाने जास्त पडतो. आता कार्डावर जे आलेख असतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणले, त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत, अशा सहा देशांतली मुलं मोजली होती, आपल्याकडची दिल्लीतली. ज्या मुलांना आईचं दूध मिळालं, नीट खायला मिळालं, आजारपणात औषधपाणी मिळालं, घरात आई सिगरेट ओढत नव्हती, ती सगळ्या देशांत जवळजवळ सारखीच वाढली. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. घानाचं मूल आणि नॉर्वेचं मूल सारखं वाढू शकतं, तर आमच्या डोंगरावरच्या वस्तीतलं मूल का नाही?

का नाही ते मला रोज दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा नातू माझ्या लेकीपेक्षा दोन महिन्यांनी मोठा, पण बघणाऱ्याला वर्षाने लहान वाटेल. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावली तर पिवळ्यात आला, म्हणजे दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या आत, साडेअकराच्या खाली गेला की लाल. घरी त्याला खायला घालत नाहीत असं नाहीये, ताई स्वतः उपाशी राहतील पण त्याला भरवतील. पण पावसाळ्यात जुलाब, त्यातून उठतोय तोवर ताप, पाणी ठरावीक वेळेला येणार ते पिंपात भरून ठेवायचं, संडास सार्वजनिक. पोटात गेलेलं अन्न अंगी लागायच्या आधी आजारपणच खाऊन टाकतं. त्याच्या आईचं हिमोग्लोबिन तो पोटात असल्यापासून कमी, म्हणजे सुरुवात तिथूनच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीला कमी निघाली, दर तिसरं मूल! आणि हे सगळं आईला "लक्ष देत नाहीस" म्हणून सुनवून सुटणारं नाही, त्याला नळ लागतो, गटार लागतं, बाईच्या ताटात भाजी लागते.

आता जे मला खरं लिहायचंय ते. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये एक प्रयोग सुरू झाला, वाढ खुंटलेली १२९ मुलं, वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका यायची आणि आईला मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते खेळून दाखवायची, काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. खेळणी पण घरातल्या टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली, तर ज्यांच्या घरी ती खेळणारी बाई यायची त्यांची कमाई, जिथे ती गेली नव्हती त्या मुलांपेक्षा पंचवीस टक्के जास्त होती. नुसत्या दुधाच्या पावडरीचा असा टिकणारा फायदा दिसला नाही. आठवड्याला एक तास फक्त! त्या एका तासाने आईची मुलाशी वागायची रीत बदलली असणार आणि मग उरलेला आठवडाभर ती रीत काम करत राहिली, मला तरी असंच वाटतं.

आणि हे आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी किती आधी ओळखलं होतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. विकतच्या महागड्या साधनांच्या जागी खडे, पानं, बिया, शिंपले. सुरुवात मात्र मुलांना आंघोळ घालण्यापासून, नखं कापण्यापासून, म्हणजे शरीर आणि डोकं असं वेगळं त्यांनी केलंच नाही. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या मुंबईहून डहाणूच्या गाडीने जाता येईल इतक्या जवळ हे घडलं.

मूल आवाज काढतं, बोट दाखवतं, आणि समोरचं माणूस त्याला उत्तर देतं, हे दिवसातून शेकडो वेळा व्हायला लागतं. तीन वर्षांपर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ऐंशी टक्के आकाराचा होतो, आणि त्याची जोडणी ह्या देण्याघेण्यातून पक्की होते. आमच्याकडे ते उत्तर दिवसभर देतात त्या पाळणाघरातल्या काकू. मी सकाळची फास्ट पकडून फोर्टला जाते, परत यायला साडेसात, कधी आठ. काकूंच्या दोन खोल्या, सहा मुलं, टीव्ही दुपारभर बंद. मटार सोलायला बसल्या की मुलं भोवती, "हा बघ केवढा दाणा, हा पळाला, कुठे गेला?", लेक शोधते, देते, काकू "अगंबाई, सापडला!" आणि परत दुसरा पळतो. तिला हिरवा रंग, लहान-मोठा, आत-बाहेर हे सगळं तिथेच कळलं. खालच्या भाजीवाल्याशी ती हिंदी बोलते, समोरच्या बेनशी दोन शब्द गुजराती, आणि कोणी म्हणालं की दोन-तीन भाषांनी मूल उशिरा बोलतं तर ते खरं नाहीये, मुलं सगळ्या पेलतात.

म्हणून मला राग येतो तो ह्याचा, की ज्या बायका हे काम करतात त्यांना आपण "मुलं सांभाळणारी" म्हणून मोजतो. अंगणवाडी सेविका वजन करणार, पोषण ट्रॅकर ह्या सरकारी ॲपवर माहिती भरणार, आहार वाटणार, घरोघर जाणार, शिकवणार, आणि हातात पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये सांगावं लागलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविका परत संपावर, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला पत्ताही नव्हता. मेट्रोवर, पुलांवर आपण तासन् तास बोलतो. मुलांचा मेंदू घडवणाऱ्या बाईच्या मानधनावरही तेवढंच बोललं पाहिजे, आणि मी बोलणार आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा.

झोपेचं तेवढं राहिलंय. वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त गाढ झोपेत सुटतं, आणि तिच्या वयाला दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास झोप हवी. पण बाबा घरी येणार दहाला, तोवर ती डोळे ताणून दाराकडे बघत बसते, बाबाला पण ती जागी हवी असते, त्याचंही मन मोडवत नाही. आज दोघांनी बसून ठरवलं, तिला नऊला झोपवायचं आणि सकाळचा वेळ त्याचा, आंघोळ, नाश्ता, काकूंकडे चालत सोडणं, वाटेत मांजरं, रिक्षा, पाण्याचा टँकर सगळ्यांची नावं घेत. फोन घरीच ठेवायचा. आणि शनिवारी सुट्टी असेल तेव्हा मी वस्तीतल्या अंगणवाडीत गोष्टी सांगायला जाईन, सेविकाताईंना विचारून झालंय, त्या म्हणाल्या दहाला या, आणि येताना रिकाम्या डब्यांची झाकणं आणा, जितकी मिळतील तितकी.