भोंगा बघून बाजा घेऊ नये

तर झालं असं की गेले आठ महिने मी ट्यूबा शोधतोय, म्हणजे फुंकून वाजवायचा पितळी बाजा, साधा नाही, ऑर्केस्ट्रात वाजवतात तो मोठा, आणि घरात आता ट्यूबा शब्द काढला की बायको सरळ उठून किचनमध्ये जाते.

बॅकग्राउंड एवढंच की मी कॉलेजला असताना नाशिकच्या भद्रकालीतल्या एका बँडमध्ये लग्नसराईला बास वाजवायचो, म्हणजे तो अंगाभोवती गुंडाळलेला सूझाफोन. आता मुंबईत मित्रांचा एक हौशी ऑर्केस्ट्रा आहे, महिन्यातून दोनदा पंचवटी एक्सप्रेसने जातो. पण तिथे सूझाफोन नेला की सगळे नवरदेव कुठंय म्हणून विचारतात.

मोठ्या ट्यूब्यांमध्ये ४/४, ५/४, ६/४ असे साइज असतात. मला आधी वाटलं हे फुटपट्टीने मोजलेलं असेल, पण तसं काही नाहीये, शर्टाच्या एक्सएलसारखं आहे, एका कंपनीचा ५/४ दुसऱ्याच्या ६/४ एवढा निघतो. आणि ६/४ चं वेड सगळ्यांना लागलंय ते शिकागोमुळे. तिथल्या सिम्फनीत आर्नोल्ड जेकब्ज १९४४ ते १९८८ वाजवायचे, त्यांचा यॉर्क कंपनीचा तो १९३० च्या दशकातला ट्यूबा, त्याच्या कॉप्या आज जपान-चीनपर्यंत बनतात. गंमत म्हणजे या माणसाला दमा होता, फुफ्फुसं कमी भरायची, तरी एवढं धूड वाजवायचा. हे वाचून मला चेव आला ना, म्हटलं आपल्याला तर दमा पण नाही!

दुसरा घोळ सुराचा, म्हणजे बाजा मुळात कुठल्या सुरात बनवलाय त्याचा. अमेरिकेत ऑर्केस्ट्रावाले बहुतेक सी ट्यूबा घेतात, नळी साधारण १६ फूट, आणि जर्मनीत बी फ्लॅट, १८ फूट. सी घेतला तर सगळी बोटं नव्याने शिकायची. माझी बोटं वीस वर्षं बी फ्लॅटवर बसलीयेत, त्यामुळे हा प्रश्न मी पाच मिनिटांत निकालात काढला.

चाव्यांचं मात्र नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच बुडतात. चावी म्हणजे व्हॉल्व्ह, दाबली की हवा एका जास्तीच्या नळीतून फिरून जाते. प्रत्येक चावीची ही जास्तीची नळी मोकळ्या बाजाच्या हिशोबाने कापलेली असते. चौथी दाबली की बाजाच लांब होतो, मग बाकीच्यांच्या नळ्या आखूड पडतात आणि जसजसं खाली जाल तसतसा स्वर चढा लागतो, अगदी तळाला तर एक स्वर गायबच होतो. म्हणून पाचवी चावी पाहिजे, नाहीतर वाजवता वाजवता डाव्या हाताने स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता तुकडा, ओढत बसायचं, आणि ६/४ वर माझा हात तिथपर्यंत पोचतच नव्हता.

मुंबईत एका ओळखीच्यांकडे तीन सेकंडहँड वाजवून बघितले. एकाला पोचे भरपूर होते पण पोच्याचं मला टेन्शन नाही, आपल्या तांबट आळीच्या गावात पोचा काढणारा मिळतो. मी बघत होतो चाव्या. स्लाइड चावी न दाबता बाहेर ओढायची, टप्प असा बुचासारखा आवाज आला तर हवा गळत नाही. एकाची स्लाइड मुकाट्याने बाहेर आली, तो तिथेच बाद.

मग ६/४ उचलला. मांडीवर तान्ह्या बाळासारखा सांभाळून घ्यावा लागतो. पहिला स्वर काढला आणि खिडकीची काच थरथरली, मी तर तिथेच पैसे द्यायला तयार! पण मित्राने हॉलच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. ऐकलं तर ६/४ चा नुसता धुरळा, स्वराची सुरुवात कुठे झाली तेच कळेना, आणि ज्याच्याकडे मी ढुंकून पण बघत नव्हतो तो रोटरी, म्हणजे फिरत्या चाव्यांचा ५/४ स्वच्छ, गोल. भोंगा वर तोंड करून असतो ना, वाजवणाऱ्याला स्वतःचं काही खरं ऐकूच येत नाही.

नाशकात येऊन बँडमधल्या अण्णांना दोन्ही ऐकवलं. ते सत्तरीचे, आयुष्य बास वाजवण्यात गेलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाळा, भोंगा बघून बाजा घेऊ नको, आपला भाता बघ." वर हेही सांगितलं की जानेवारीत पहाटे एवढं पितळ तापायला अर्धा तास फुंकत बसशील, तोवर स्वर उतरलेलाच राहणार. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेकब्जकडे भाता लहान होता पण तो वापरायचा कसा हे त्यांना माहीत होतं, माझं उलटं आहे.

तर ५/४, बी फ्लॅट, पाच चाव्या, ॲडव्हान्स दिलाय. पेटीचं माप घेऊन सोसायटीच्या लिफ्टमध्ये पुठ्ठा धरून बघितला, तिरका केला की बसतो. फक्त मग लिफ्टमध्ये तोच जाणार, मी जिन्याने.