खुनी कोण, ते जाऊ दे

"काका, हे पुन्हा वाचतोयस? खुनी कोण ते आता पाठ झालं असेल ना?" पुतणीनं दुपारी विचारलं. हातात रेमंड चँडलरची रहस्यकादंबरी 'द बिग स्लीप' होती, १९३९ सालची. छातीठोक काही सांगता येईना. यावर सिनेमा निघाला तेव्हा त्या मंडळींनी चँडलरलाच तार केली होती म्हणे, गोष्टीतल्या त्या शोफरला मारलं कुणी? उत्तर आलं, मलाही ठाऊक नाही. तिथं मी कोण!

मला हवा असतो तो त्यातला खासगी गुप्तहेर, फिलिप मार्लो. पहिल्याच परिच्छेदात गडी सूटबूट घालून, दाढी करून, चक्क न पिता हजर. कुणाकडे निघालाय? तर ४० लाख डॉलरकडे! त्या डॉलरांचा मालक, म्हातारा जनरल, मागाहून येतो. याची स्वतःची फी दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च. मार त्यातच धरायचा.

लहानपणी आत्या डाळिंब्या सोलता सोलता बाबूराव अर्नाळकर मोठ्यानं वाचायची. झुंजारला, काळ्या पहाडाला थट्टेची फुरसत नसायची. ती कसर आत्या भरून काढी. काळोखात कुणी दबा धरून बसलं की चष्मा वर सरकवून म्हणे, "मेल्याला डास बरे चावत नाहीत!" बंगल्यात चोर शिरला की, "एवढा बंगला बांधला, कडीला पैसे उरले नाहीत वाटतं." आणि लगेच पुढचं वाक्य, गंभीर आवाजात. आम्ही पोरं खुनाची नव्हे, शेऱ्याची वाट बघत बसायचो.

रेक्स स्टाउटच्या गोष्टींत गुप्तहेर नीरो वुल्फ घरात ऑर्किडं जोपासतो, बाहेर पडायचं नाव नाही. वणवण त्याच्या मदतनीसाची, आर्ची गुडविनची, आणि गोष्टही तोच सांगतो. वुल्फनं सांगितली असती तर मी दहाव्या पानावर घोरलो असतो. साहेबाची गोष्ट हाताखालच्यानंच सांगावी, तीच खमंग.

चँडलरची तेल कंपनीतली बड्या पगाराची नोकरी १९३२ साली गेली, दारू आणि दांड्यांपायी. चव्वेचाळिशीचा माणूस मग स्वस्त मासिकांसाठी गोष्टी लिहायला बसला. त्याचा मार्लो पिस्तुलासमोरही जीभ आवरत नाही, आणि घरी आला की पुस्तकातले बुद्धिबळाचे डाव एकटाच मांडतो.

आम्ही नसलो की आत्या मनातच वाचायची. तेव्हा शेरे मारायची का, कोण जाणे.