उर्दू वाचनालयाची फेहरिस्त करताना

मालेगावातील उर्दू माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवली. निवृत्तीनंतर आमच्या मोहल्ल्यातील जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने उर्दू पुस्तकांची नवी फेहरिस्त, म्हणजे यादी, करण्याचे काम माझ्याकडे सोपवले. (मराठीतला ‘यादी’ हा शब्दही मुळात फारसी ‘याद’वरूनच आलेला आहे.) पावसाळ्याच्या आत काम उरकेल असे मला वाटले होते, पण त्याला दीड वर्ष लागले.

१८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकर कुटुंबांनी या गावात उर्दू रुजवली आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पंचाहत्तर लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. मात्र त्यांपैकी किती जणांना लिपी वाचता येते, हे त्या आकड्यातून कळत नाही. आमच्याच गल्लीतील इंग्रजी आणि मराठी माध्यमाची मुले अस्खलित उर्दू बोलतात, परंतु मोबाइलवर ती रोमन अक्षरांत लिहितात आणि आजोबांच्या पेटीतील पुस्तक त्यांना उघडूनही बंदच राहते. म्हणून मदतीला मी मुद्दाम अशीच चार मुले घेतली. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, तोच आमचा कामाचा दिवस ठरला.

हाताशी एक जीर्ण नोंदवही होती आणि कोणीतरी पंधराएक वर्षांपूर्वी इनपेज या उर्दू लिहिण्याच्या संगणक-प्रणालीत केलेली अर्धी यादी. उर्दू वर्तमानपत्रे दीर्घकाळ कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहून काढत. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा त्या वळणाचा संगणकीय टंक आल्यावर ती अक्षरे यंत्रावर जुळवता येऊ लागली आणि पुढे इनपेजमुळे हे काम घरोघरच्या संगणकापर्यंत पोहोचले. त्या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु त्या काळातील फाइल युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात नसल्यामुळे ती नव्या तक्त्यात चिकटवताच पडद्यावर निव्वळ कचरा उमटला. रूपांतर करून, ओळ न् ओळ तपासून ती पुन्हा उभी करावी लागली.

खरी चूक मात्र माझी होती. संगणकावर उर्दूऐवजी अरबी कळफलक निवडलेला राहिला आणि तीन महिने आम्ही त्यावरच नोंदी करत गेलो. नंतर मोबाइलवरून शोध घेतला तर समोर दिसणारी पुस्तकेही ‘नाही’ म्हणून येऊ लागली. डोळ्यांना काफ, म्हणजे ‘क’चे अक्षर, हा काफच दिसतो, पण संगणकाच्या लेखी अरबी काफ आणि उर्दू काफ ही दोन वेगळी अक्षरे असतात. ‘छोटी हे’ आणि ‘ये’ या अक्षरांचेही तसेच. हे माझ्या ध्यानात आले नाही, ते चौघांतील एका मुलीने पकडले. तिने विचारले, “सर, आख़िर वाली ये के नीचे नुक्ते कहाँ से आ गए?” उर्दूत शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ये’खाली टिंबे नसतात, अरबीत असतात. तीस वर्षे वहीतल्या वेलांट्या तपासणाऱ्या माझ्या नजरेला ती दोन टिंबे दिसली नव्हती. तीन महिन्यांच्या नोंदींतील ती अक्षरे बदलायला एक दुपार पुरली. प्रत्येक नोंद पुन्हा वाचून पाहण्यात मात्र चार शुक्रवार गेले.

प्रत्येक नाव उर्दूसोबत देवनागरीतही लिहायचे ठरवल्यामुळे वेगळाच गुंता झाला. उर्दूत जेर-जबर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच तीन अक्षरे ‘इल्म’ म्हणजे ज्ञान अशीही वाचता येतात आणि ‘अलम’ म्हणजे झेंडा अशीही. मुखपृष्ठ पाहून निर्णय होत नसे. पुस्तक उघडून दोन-चार पाने वाचावी लागत. कामाचा वेग तिथेच मंदावला आणि मुले वाचायलाही तिथेच लागली, हे मी आधी ठरवलेले नव्हते.

शेवटी नवा फलक करायचा होता. मराठीखाली उर्दू लिहिली तर कोणी हरकत घेईल, अशी एका सदस्याची भीती होती. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर १९५६ पासून असलेल्या उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने मराठीसोबत उर्दू वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही, तसेच भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे स्पष्ट केले होते. तो निकाल मी बैठकीत वाचून दाखवला. हरकत कोणी घेतली नाही, पण फ्लेक्सच्या दुकानातून आलेल्या पहिल्या नमुन्यात सगळी अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने उभी होती. अखेरीस गावातील एका वृद्ध कातिबांनी बोरूने कागदावर नाव लिहून दिले, अलिफ या उभ्या अक्षराची उंची बोरूच्या टिंबांनी मोजून, आणि रंगाऱ्याने ते पत्र्यावर उतरवले.

फलक लागला त्या शुक्रवारी नुक्ते पकडणाऱ्या त्या मुलीने यादीतून एक पुस्तक मागितले. ते कपाटात नव्हते. नोंदवहीप्रमाणे ते २००९ साली घरी नेलेले आहे. नेणाऱ्यांच्या घरी आम्ही येत्या शुक्रवारी जाणार आहोत.