अख्खं पीओपी न फोडता केबलचा फॉल्ट शोधला – माझा अनुभव

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसचं नेटवर्क मीच बघतो. जुलैमध्ये अकाउंट्सच्या ताई सांगायला लागल्या की बॅकअप सर्वरवर जायला फार वेळ लागतोय, आणि बघतो तर त्यांचा पीसी 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर लिंक झालेला. लाइटवाला टेस्टर लावला तर सात लाइट लागले, आठवा नाही. केबलमध्ये आठ वायरी, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या म्हणजे पेअर असतात; म्हणजे ब्राउन पेअरची एक वायर गेलेली. 100 ला ऑरेंज आणि ग्रीन दोनच पेअर लागतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, चारही, म्हणून नेट चालू पण स्लो.

दोन्ही टोकांचे आरजे45 प्लग कापून नवीन क्रिंप केले, काही फरक नाही. केबलवाले दादा म्हणाले, "साहेब, नवीनच ओढू, छताचं पीओपी थोडं फोडावं लागेल." थोडं म्हणजे अख्खा पॅसेज, आणि पावसाळ्यात ते काम मला काढायचंच नव्हतं.

मग सानपाड्याच्या एका मित्राकडून टीडीआर मीटर आणला. हा केबलमध्ये एक छोटा पल्स सोडतो. केबलचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सगळीकडे 100 ओहम असेल तर पल्स गुपचूप पुढे जातो, पण जिथे तो बदलतो तिथून थोडा सिग्नल परत येतो. वायर तुटलेली असेल तर सुलटा येतो, शॉर्ट असेल तर उलटा, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं.

मीटरने दाखवलं ब्राउन पेअर ओपन, 38 मीटर. एसीच्या सर्व्हिसिंगसाठी ठेवलेली झडप नेमकी त्याच भागात होती, ती उघडून बघितलं तर केबल एकदम धडधाकट, आणि केबलवर लांबीचे जे आकडे मीटरमध्ये छापलेले असतात, त्यातला तिथला आकडा 250. रॅकमधल्या टोकाला 212 होता, म्हणजे जागा बरोबर 38 मीटरचीच, मग फॉल्ट कुठेय? तेव्हा दुसऱ्या टोकाचा आकडा वाचला, 273. म्हणजे केबल 61 मीटर, आणि मीटर चांगल्या पेअरसुद्धा 53 दाखवत होता!

गडबड एनव्हीपीची होती. प्रकाशाच्या वेगाच्या किती टक्के वेगाने सिगनल केबलमधून जातो ते मीटरला सांगावं लागतं, आणि आधीच्या कोणीतरी ते 60 वर ठेवलेलं. चांगल्या पेअरवर 61 मीटर दिसेपर्यंत वाढवत गेलो, 69 ला जुळलं. आता फॉल्ट 44 मीटर. दुसऱ्या टोकाकडून 17. बेरीज बरोबर 61, तेव्हा कुठे जीवात जीव आला. पल्सला 44 मीटर जाऊन परत यायला साधारण 425 नॅनोसेकंद लागतात, आणि एनव्हीपी 69 ऐवजी 60 धरलं तर माणूस सहा मीटर लांब शोधत बसतो. म्हणून छापील आकडे आधी वाचा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

झडपेपासून सहा मीटर पुढे, 256 च्या आकड्याजवळ, पीओपीत फक्त फूटभर चौकोन कापला. नवीन एसीच्या ब्रॅकेटचा स्क्रू थेट केबलमधून गेलेला. तिथे केबल कापून दोन्ही टोकांना जॅक पंच केले, पेअरचा पीळ शेवटपर्यंत राखला, बॉक्समध्ये छोटी पॅच कॉर्ड टाकली. लिंक परत 1000 वर आली. मीटरवर 44 ला आता जॅकचा बारीकसा उंचवटा दिसतो, तेवढा चालतो.

दोन्ही टोकांना लेबल चिकटवलंय: 61 मी, एनव्हीपी 69, जोड 44 वर.