प्रेक्षक एकच: देवी

केरळातल्या शोरनूरला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. तोलपावकूत्तु बघायचा तर भारतपुळा नदीच्या मुलखात, भगवतीच्या देवळापुढेच बघायचा, हे कधीचं मनात होतं. तोल म्हणजे चामडं, पावा म्हणजे बाहुली, कूत्तु म्हणजे खेळ. चामड्याच्या बाहुल्या आपल्या पिंगुळीलाही आहेत, पण इथली गोष्टच वेगळी.

देवळासमोर कूत्तुमाडम असतं, या खेळासाठीच बांधलेली लांबट पक्की वास्तू. पडदा वर पांढरा, खाली काळा. त्यामागे ओळीनं 21 नारळाच्या वाट्या, प्रत्येकीत तेल आणि वात. गाभाऱ्यातल्या दिव्यावरून आणलेल्या ज्योतीनं त्या पेटल्या आणि पडदा जिवंत झाल्यासारखा हलू लागला.

कथा कंब रामायणाची, म्हणजे कवी कंबनच्या तमिळ रामायणाची. पण ती सांगायची कुणाला? राम-रावणाचं युद्ध झालं तेव्हा भद्रकाली, म्हणजे हीच देवळातली भगवती, दारिकासुराशी लढत होती, त्यामुळे तिचं ते बघायचं राहून गेलं, असं इथे सांगतात. म्हणून दरवर्षी तिला ते दाखवायचं. माणसं आली तर आली.

आणि माणसं खरंच नव्हती. मध्यरात्र उलटली तशी चार-दोन म्हातारे होते तेही उठून गेले. आतल्या पुलवरांचा, म्हणजे खेळ करणाऱ्या कलावंतांचा, आवाज मात्र तसूभरही उतरला नाही. तमिळ पद्य म्हणायचं, मग त्याचा अर्थ उलगडत बसायचं, मैदान रिकामं आहे याचं त्यांना काहीच नव्हतं.

मधे त्यांनी मला आत डोकावू दिलं. एका हातात बाहुलीची मधली काठी, दुसऱ्या हातात तिचा हात हलवणारी बारीक काडी. चामड्यावर दागिन्यांच्या जागी बारीक भोकांची नक्षी, त्यातून उजेड झिरपत होता. राक्षस पडद्याला टेकला की रेघ न् रेघ स्पष्ट. जरा मागे ओढला की सावली फुगते, कडा विरघळतात आणि तो अंधारातूनच येतोय असं वाटतं. भीती दाखवण्याची इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाहेर येऊन परत बसले. कुंभकर्ण पडला, झांजा थांबल्या. त्या शांततेत सहज मागे वळून पाहिलं. मी बसले होते ती जागा बरोबर पडदा आणि गाभाऱ्याच्या मधली होती.

उठले, आणि कडेला सरकून बसले.