आमची वाटचाल : आधी क्षेत्र, मग चुंबक

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्याची सुरुवात डाळ मिलसाठी लागणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांपासून झाली. तूर किंवा हरभरा उतरत्या पत्र्यावरून घसरताना त्यातले खिळे आणि चाळणीच्या तारांचे तुकडे पट्टीने धरून ठेवायचे असतात. आम्ही फेराइट या चुंबकीय पदार्थाचे ठोकळे उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून लोखंडी पत्र्यावर बसवत असू आणि पृष्ठभागावर गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजणारे उपकरण, टेकवून येणारा आकडा बिलावर लिहीत असू.

एका मिलमालकांनी पट्टी परत आणली. आकडा बरोबर होता, पण डाळीच्या थराच्या वरच्या अंगाने येणारा खिळा पुढे निघून जात होता. गॉसमीटरच्या मोजणाऱ्या टोकाखाली, म्हणजे हॉल प्रोबखाली, सनमायकाचे तुकडे एकावर एक रचत आम्ही मिलिमीटर-मिलिमीटर वर मोजत गेलो, तेव्हा कारण कळले. 25 मिलिमीटर रुंदीच्या ध्रुवांचे क्षेत्र तितक्याच उंचीवर पृष्ठभागाच्या सुमारे 4 टक्केच उरते. ध्रुवांची रुंदी दुप्पट केली, तर तेथेच सुमारे 21 टक्के राहते. तेव्हापासून ग्राहकाला आमचा पहिला प्रश्न थराच्या जाडीचा असतो.

मग गणित उलटे झाले : हवे ते क्षेत्र आधी ठरवायचे आणि ते देणारी चुंबकांची मांडणी शोधायची. निओडिमियम या अधिक ताकदवान चुंबकाच्या ठोकळ्यांची क्षेत्रे जवळजवळ अचूकपणे बेरजेने मिळवता येतात, त्यामुळे समीकरणे सोपी असतात. अवघड असते ते उत्तर. अंतरासोबत क्षेत्रातले बारीक चढउतार पुसले जातात आणि ते परत मिळवू पाहिले, की मोजणीतली किरकोळ चूक शेकडो पटींनी फुगते. आमच्या पहिल्याच उत्तरात शेजारशेजारचे ठोकळे एकमेकांविरुद्ध होते आणि निओडिमियम देऊ शकते त्या सुमारे 1.3 टेस्लाच्या कितीतरी पट चुंबकन (पदार्थात भरलेली चुंबकीय ताकद) त्यांना लागत होते. असा पदार्थच अस्तित्वात नाही.

वाट मिळाली ती रशियन गणितज्ञ तिखोनोव्ह यांनी 1963 मध्ये मांडलेल्या पद्धतीने. तिच्यात उत्तर निवडताना क्षेत्रातील चुकीबरोबर अवास्तव चुंबकनावरही दंड लावतात, म्हणजे असे उत्तर गणितात महाग पडते. हा दंड किती ठेवायचा, यातच खरे कसब आहे, असे माझे ठाम मत आहे. आम्ही तो असा ठेवतो, की उरलेली चूक गॉसमीटरच्या स्वतःच्या चुकीएवढी राहावी, कारण त्याहून बारीक जुळणी म्हणजे मोजणीतल्या गोंधळाचीच नक्कल होय.

एकाच क्षेत्राची अनेक उत्तरे निघतात. त्यांतून आमच्या कामगारांना साच्यात घट्ट धरून चिकटवता येईल असेच आम्ही निवडतो. साधारण दर्जाचे निओडिमियम 80 अंशांपुढे दुबळे पडते, म्हणून गरम डाळीच्या जागी आजही फेराइटच वापरतो. बिलावर आता पृष्ठभागाऐवजी थराच्या उंचीवरचा आकडा असतो आणि सोबत मोजणीचा आलेख जोडलेला असतो.