फिट येतात हे आयुर्विम्याच्या फॉर्मवर लिहायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि हे सारखंच विचारलं जातं म्हणून, एकदाच नीट लिहितो. हो, लिहायचं. एजंट '"नाही" टाका हो, कोण बघतंय' म्हणाला तरी लिहायचं.

कोण बघतं, ते क्लेमच्या वेळी कळतं. पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला की तपासणी लागते. न्यूरॉलॉजिस्टचे केस पेपर, जुना ईईजी (मेंदूचा आलेख), एमआरआय निघतात. एका पेपरवर 'पाच वर्षांपासून गोळ्या चालू' एवढी ओळ पुरते. फॉर्मवर 'नाही', खाली सही त्याची, आणि उत्तरं देत बसते त्याची बायको. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे माहिती चुकीची ठरली तर फक्त भरलेले हप्ते परत मिळतात; फसवणूक ठरली तर तेही नाहीत. तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, हे खरं. पण हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा सुरू केली, तर ती तीन वर्षं नव्याने मोजतात. हे एजंट सांगत नाहीत.

खरं लिहिलं की नकारच येतो, असंही नाही. जास्त हप्ता लावतात, किंवा काही काळाने या म्हणतात. बरेचदा अडतं ते अर्धवट कागदांवर. डॉक्टरांकडून पत्र घ्या: फिटचा प्रकार, पहिली आणि शेवटची फिट कधी, औषध आणि डोस, कारण सापडलंय का. शेवटच्या फिटची तारीख नसेल तर कंपनी वाईटच धरते. पाच कंपन्यांकडे एकदम अर्ज टाकू नका. 'आधी कुणी नाकारलंय का' हा प्रश्न पुढच्या फॉर्मवर असतोच.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांचं, कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची.

फिट थांबून दोनेक वर्षं होऊ द्या, मग अर्ज करा, असं मी पूर्वी बिनधास्त सांगायचो. हप्ता कमी बसतो, हे आजही म्हणतो. पण घरात कमावता एकच असेल तर तसं सांगवत नाही. त्या दोन वर्षांत घराला आधार कशाचा? हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नोकरी असेल, तर तिथला ग्रुप विमा ठरावीक रकमेपर्यंत तपासणीशिवाय मिळतो, पण नोकरीबरोबर तोही जातो.